कासारणीने आधी सांगितलं होतं

पुतणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात कासारीण बसली होती. माझं माप वर्षानुवर्षं दोन-चार. तिने माझा पंजा हातात घेतला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिला आणि दोन-चारचा डबा बाजूला सारून दोन-आठचा उघडला.

"वहिनी, हात वाढलाय तुमचा."

"वजन वाढलंय गं," मी म्हटलं.

तिने पुन्हा दाबून पाहिलं. "वजनाचा हात मऊ लागतो. ह्ये हाड हाय."

मांडवातल्या बायका हसल्या, मीही हसले. तेव्हा मी ४१ वर्षांची होते आणि साताऱ्यात नर्सिंगच्या मुलींना शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र शिकवायला लागून मला १५ वर्षं झाली होती. विशीच्या आसपास लांब हाडांच्या टोकांजवळची वाढीची कूर्चा बंद होते, म्हणून मोठेपणी उंची वाढत नाही, हे मी दरवर्षी सांगत असे. त्याच्या पुढचं वाक्यही सांगत असे: कूर्चा बंद झाल्यावर वाढीचं संप्रेरक जास्त स्रवायला लागलं तर हाडं लांब होत नाहीत, जाड होतात. पंजे, पावलं, नाक, खालचा जबडा वाढतो. फ्रेंच डॉक्टर पिएर मारी यांनी १८८६ मध्ये या आजाराला नाव दिलं, अ‍ॅक्रोमेगाली. पाच गुणांची टीप. ती लिहिणाऱ्या शेकडो मुलींचे पेपर मी तपासले. कासारणीने तीच टीप माझा हात धरून मला वाचून दाखवली आणि मी तिला शून्य गुण दिले.

त्यानंतर सहा वर्षांनी निदान झालं. हा उशीर माझ्या एकटीचा नाही. या आजारात पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत पाच-दहा वर्षं सहज जातात, कारण बदल दिवसाला इतका थोडा असतो की रोज आरशात बघणाऱ्याला आणि रोज समोर जेवायला बसणाऱ्याला तो दिसतच नाही. माझ्या बाबतीत मात्र एवढं कारण पुरेसं नाही. मला तो दिसायला हवा होता. तो का दिसला नाही आणि तुम्ही काय पाहावं, हे सांगायला बसले आहे.

आधी त्या सहा वर्षांत काय काय झालं ते सांगते. जोडवी रुतायला लागली. चप्पल सहा नंबरची होती ती आठवर गेली. मी कंपनी बदलली म्हणून माप बदललं असेल असं ठरवलं. लग्नातली अंगठी निघेना म्हणून सोनाराकडे जाऊन कापून घेतली. रात्री हाताला मुंग्या यायच्या, उठून झटकावे लागायचे. हाडांच्या डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिला. घाम इतका की थंडीतही ब्लाउज ओला. त्रेचाळिसाव्या वर्षी पाळी थांबली तेव्हा घामाचंही कारण मिळाल्यासारखं झालं. मैत्रिणी म्हणाल्या, लवकर सुटलीस. घोरणं इतकं वाढलं की ह्यांनी अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. रक्तदाब आला, मागोमाग साखर आली. खालचे पुढचे दात विरळ झाले आणि वरच्या दातांच्या पुढे यायला लागले. दंतवैद्य म्हणाले, हिरड्या सैल झाल्यात. फोनवर लोक मला "साहेब" म्हणायला लागले.

प्रत्येक तक्रारीला एक डॉक्टर होता, एक गोळी होती आणि एक समजूत होती. या तक्रारी एका कागदावर एकाखाली एक मी कधीच लिहिल्या नाहीत. लिहिल्या असत्या तर खालचं उत्तर माझ्या कोणत्याही पहिल्या वर्षाच्या मुलीने भरलं असतं.

शेवटच्या दोन वर्षांत डोळ्यांचं सुरू झालं, पण तेही आडून. गुणपत्रकात बेरीज करताना ओळी सरकायच्या: नाव एका मुलीचं आणि गुण खालच्या मुलीचे. सुईत दोरा ओवताना टोक भोकापर्यंत यायचं आणि पलीकडे गेल्याबरोबर नाहीसं व्हायचं. दाराच्या चौकटीला कधी उजवा खांदा लागायचा, कधी डावा. मी चष्म्याच्या दुकानात गेले, नंबर बदलला. पुन्हा गेले, पुन्हा बदलला. तिसऱ्यांदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. तक्त्यावरची शेवटची ओळ मी घडाघडा वाचली. सहा बाय सहा. "डोळे उत्तम आहेत मॅडम, चाळिशी आहे, सवय होईल." त्यांचा दोष मी धरत नाही. मी त्यांना फक्त "नीट दिसत नाही" एवढंच सांगितलं होतं. "कडेचं दिसत नाही" असं म्हणाले असते तर त्यांनी तपासणी वेगळी केली असती. पण कडेचं दिसत नाही हे कळायलाही कडेचं दिसावं लागतं. न दिसणाऱ्या भागात अंधार नसतो, काळा पडदा नसतो. तिथे काहीच नसतं, आणि काहीच नसल्याची तक्रार मेंदू करत नाही.

पोवई नाक्यावर उजवीकडून आलेली रिक्षा मला दिसली नाही, स्कूटी आडवी झाली, गुडघा सोलला. रिक्षावाला ओरडला, "डोळे हायत का?" मी त्याच्यावर उलटून ओरडले. त्या दिवशीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तो पडला वर्गात. क्रेनियल नर्व्हची तपासणी शिकवत होते. दुसरी नर्व्ह, म्हणजे दृष्टीची. मुली आधी एकमेकींवर करतात, मग एकीला पुढे बोलावून मी स्वतः पेशंट होऊन बसते. एका हाताच्या अंतरावर समोरासमोर बसायचं, माझा डावा डोळा मी झाकायचा, उघड्या उजव्या डोळ्याने तिच्या नाकाकडे बघत राहायचं आणि तिने कडेला बोटं धरायची. किती बोटं, ते मी सांगायचं. मुलगी पहिल्या वर्षाची, घाबरट. तिने उजवीकडे हात नेला आणि गप्प बसली. मी म्हटलं, "धर ना बोटं."

"धरलीत मॅडम."

"कुठे?"

"इथे." तिने बोटं हलवली असावीत. मला दिसेनात. तिने हात आत आणत आणत अगदी नाकासमोर आणला तेव्हा एकदम दोन बोटं उगवली. वर्ग हसला. ती बिचारी म्हणाली, "मॅडम, तुम्ही मुद्दाम करताय ना? आमची परीक्षा बघायला?"

मी उजवा डोळा झाकला आणि म्हटलं, आता डावीकडे कर. डावीकडेही तेच.

मागच्या आठवड्यात त्याच फळ्यावर मी रंगीत खडूंनी ती आकृती काढली होती. प्रत्येक डोळ्याच्या दृष्टिपटलाचे दोन भाग: नाकाकडचा आणि कानाकडचा. नाकाकडच्या भागावर बाहेरच्या बाजूचं चित्र पडतं, कारण प्रकाश सरळ रेषेत जातो आणि बाहुलीतून पलीकडे पोचतो. दोन्ही डोळ्यांचे दृष्टीतंतू मागे जाताना एका ठिकाणी भेटतात, आणि तिथे नाकाकडच्या भागांचे तंतू एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात. कानाकडचे आपापल्या बाजूलाच राहतात. ती फुली, ऑप्टिक कायझमा. फुलीच्या बरोबर मध्यावर दाब आला तर फक्त ओलांडणारे तंतू दबतात आणि दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू जाते. टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात तसं. आणि त्या फुलीच्या खाली, जेमतेम एक सेंटिमीटरवर, काय असतं?

तिथे असते पीयूषिका ग्रंथी. वाटाण्याएवढी, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाची, कवटीच्या तळाशी स्फेनॉइड हाडाच्या खोलगट खोगिरात बसलेली. खोगिराला खाली आणि पुढे-मागे हाड आहे, वर नाही. गाठ वाढली की तिला वरच जागा सापडते.

पुस्तकात पीयूषिका अंतःस्रावी ग्रंथींच्या धड्यात येते आणि फुली विशेष ज्ञानेंद्रियांच्या. मधे दोन महिने जातात, एक चाचणी परीक्षा जाते. २१ वर्षं मी दोन्ही आकृत्या काढल्या. संप्रेरकांच्या धड्यात पीयूषिकेच्या वर काय आहे ते मी कधी काढलं नाही आणि डोळ्यांच्या धड्यात फुलीच्या खाली काय आहे ते कधी काढलं नाही.

त्या दिवशी मी वर्ग लवकर सोडला. मुलींना वाटलं मी रागावले.

यापुढचं सांगते ते तुमच्या उपयोगाचं आहे, म्हणून जरा तपशिलात सांगते.

दोन्ही डोळे उघडे ठेवून ही उणीव सापडत नाही. उजव्या डोळ्याची आतली बाजू डावीकडचं बघते, डाव्याची आतली उजवीकडचं, आणि दोघं मिळून समोरचं जग जवळजवळ पुरं भरून काढतात. जाते ती फक्त अगदी टोकाची कड, जिथून रिक्षा येते. समोरची बारीक अक्षरं वाचणारा मधला भाग बराच काळ शाबूत राहतो, म्हणून तक्ता पास होतो. ओळी सरकतात त्याचंही कारण हेच: उरलेले दोन आतले अर्धे तुकडे एकमेकांवर पडत नाहीत, नुसते कडेला कड लावून असतात, आणि डोळा जरा थकला की सांधा सरकतो. आणि सुईच्या पलीकडे गेलेला दोरा दोन्ही डोळ्यांच्या गेलेल्या बाजूत पडतो.

म्हणून एकेक डोळा झाकून बघा. समोर घरातलं माणूस बसवा, त्याच्या नाकावर नजर ठेवा, चारही कोपऱ्यांत बोटं मोजून घ्या. वरचे बाहेरचे कोपरे नीट बघा, कारण गाठ खालून दाबते आणि आधी तेच जातात. आणखी एक साधी खूण आहे. कुंकवाचा करंडा किंवा लाल टोपणाचं पेन घ्या. एक डोळा झाकून ते नजरेच्या मध्यरेषेच्या आतल्या बाजूला धरा, मग बाहेरच्या. बोटं मोजता येत असतानाही बाहेरच्या बाजूचा लाल फिका, विटकरी किंवा धुरकट वाटला तर तंतू कुरकुरायला लागले आहेत असं समजा. ही घरची चाचणी आहे, निदान नव्हे. शंका आली की डोळ्यांच्या डॉक्टरांना "फील्ड टेस्ट करा" असं स्पष्ट शब्दांत सांगा. वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायची, एकेक डोळा, ठिपका दिसला की बटण दाबायचं. माझे दोन कागद शेजारी ठेवले तेव्हा बाहेरच्या दोन्ही बाजू काळ्या आणि मधे पांढरा पट्टा होता.

दुसरी तपासणी फुकट आहे, ती म्हणजे जुने फोटो. लग्नाचा अल्बम, मतदार ओळखपत्र, आधार, नोकरीची ओळखपत्रं. माझी कॉलेजची चार ओळखपत्रं मी टेबलावर ओळीने मांडली आणि माझीच मला भीती वाटली. पहिल्यावर मी होते, चौथ्यावर माझे मोठे काका. भुवयांवरचं हाड पुढे आलेलं, नाक रुंद, ओठ जाड. डॉक्टरांकडे जाताना हे फोटो पाकिटात घालून न्या. ज्याने तुम्हाला पहिल्यांदाच पाहिलं त्याला तुमचा जुना चेहरा कसा कळणार?

रक्ताच्या तपासणीत इथे एक खड्डा आहे, मी त्यात पडले होते. थकवा म्हणून वर्षभर आधी थायरॉइड तपासला होता. टीएसएच नॉर्मल. लॅबच्या कागदावर नॉर्मल आलं की आपण कागद फाइलला लावतो. पण टीएसएच थायरॉइड बनवत नाही, पीयूषिका बनवते. मुकादम आजारी असेल तर मजुरांचं काम त्याच्या तोंडून कसं कळेल? पीयूषिका बिघडली असताना टीएसएच नॉर्मल दिसू शकतो आणि प्रत्यक्ष थायरॉइडचं संप्रेरक कमी असू शकतं. माझं फ्री टी-फोर कमी होतं. पाळी का गेली, तेही इथेच कळलं: बीजकोशांना हुकूम देणारी संप्रेरकं गाठीखाली दबली होती. भरीला प्रोलॅक्टिन थोडं वाढलं होतं. पीयूषिकेच्या पुढच्या भागातली बाकीची संप्रेरकं वरून आज्ञा आली की सुटतात. प्रोलॅक्टिन तेवढं उलटं, वरून सतत लगाम असतो म्हणून थांबून राहतं. ग्रंथीला मेंदूशी जोडणारा देठ दबला, लगाम सैल झाला. मैत्रिणी म्हणत होत्या ती रजोनिवृत्ती नव्हतीच.

वाढीचं संप्रेरक मोजायचं तर नुसतं एकदा रक्त घेऊन उपयोग नाही. ते दिवसभरात झटक्याझटक्याने सुटतं. एका तासाला भरपूर, पुढच्या तासाला नाहीसं. त्याच्या सांगण्यावरून यकृत जे आयजीएफ-१ बनवतं ते मात्र स्थिर असतं, म्हणून पहिली तपासणी ती. माझं वयाच्या मानाने असायला हवं त्याच्या दुपटीहून जास्त निघालं. मग ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तास रक्त घेत राहिले. निरोगी माणसात साखर चढली की वाढीचं संप्रेरक मिलिलिटरला १ नॅनोग्रॅमच्या खाली दबतं. माझं दबलं नाही. मग एमआरआय, त्यात २६ मिलिमीटरची गाठ. एक सेंटिमीटरच्या वरच्या गाठीला मोठी म्हणतात.

क्रम लक्षात ठेवा: आधी रक्त, मग एमआरआय. उलटं केलं तर घोळ होतो, कारण काहीही त्रास नसलेल्या माणसांतही दहातल्या एकाला पीयूषिकेत बारीकशी गाठ दिसते. ती बहुतेकदा जन्मभर गप्प बसते. आणि हेही सांगते, नाहीतर अंगठी घट्ट झाली म्हणून कोणी रात्रभर झोपायचं नाही: हा आजार विरळा आहे. अंगठी घट्ट होण्याची कारणं बहुधा वजन, सूज, गर्भारपण किंवा थायरॉइड हीच असतात. एकटं लक्षण काही सांगत नाही. अंगठी, चप्पल, घाम, घोरणं, मुंग्या आणि साखर एका घरात एकत्र राहायला आली तर मात्र चौकशी करा.

औषधांच्या क्रमातही एक धोका आहे. पीयूषिका दबली की थायरॉइडबरोबर कॉर्टिसॉलही कमी पडू शकतं. अशा वेळी थायरॉइडची गोळी आधी सुरू केली तर उरलंसुरलं कॉर्टिसॉल झपाट्याने संपतं आणि माणूस कोसळू शकतो. आधी सकाळी आठचं कॉर्टिसॉल तपासायचं, कमी असेल तर हायड्रोकॉर्टिसोन द्यायचं, मग थायरॉइड. माझ्या डॉक्टरांनी तसंच केलं.

ऑपरेशन पुण्यात झालं, नाकातून. या ग्रंथीचं पाश्चात्त्य नाव पिट्युइटरी, ते लॅटिनमधल्या शेंबडाच्या शब्दावरून आलं. मेंदूतला कफ या ग्रंथीतून गळून नाकात उतरतो अशी जुन्या वैद्यांची समजूत होती. मराठीत आपण तिचं नाव पीयूषावरून, अमृतावरून ठेवलं. मला आपलंच नाव आवडतं, पण शस्त्रवैद्य गेले ते मात्र त्या जुन्या वैद्यांच्याच वाटेने. ती वाट ऑस्ट्रियात हेर्मान श्लोफर यांनी १९०७ मध्ये पहिल्यांदा वापरली. आता दुर्बीण असते, कान-नाक-घसा आणि मेंदूचे सर्जन मिळून काम करतात, चेहऱ्यावर टाका दिसत नाही. भूलतज्ज्ञांना घोरण्याबद्दल मात्र आवर्जून सांगा. या आजारात जीभ आणि घसा जाड झालेला असतो, नळी घालणं अवघड जातं; त्यांना आधी कळलं तर ते तयारीत राहतात.

शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मला उजवीकडे काहीतरी चमकताना दिसलं. सलाइनचा स्टँड होता. मी मान वळवली नव्हती.

डोळ्यांचं असं झटपट होतं, फार काळ दबले नसतील तर. तीन महिन्यांनी फील्ड टेस्ट केली तेव्हा डावीकडचा वरचा बाहेरचा कोपरा तेवढा काळा राहिला होता. तो राहिला तो राहिलाच.

हॉस्पिटलात नाकाबद्दल सूचना मिळतात: शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, कुंथायचं नाही, वाकायचं नाही. वाकल्यावर नाकातून पाण्यासारखा थेंब पडला, घशात खारट लागला, तर सर्दी समजून थांबू नका, लगेच कळवा. ते मेंदूभोवतालचं पाणी असू शकतं. पण घरी आल्यावर जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. तिथे मी शिक्षिका असून पुन्हा नापास झाले.

पीयूषिकेच्या मागच्या भागात शरीरातलं पाणी राखणारं संप्रेरक साठवलेलं असतं. ऑपरेशननंतर पहिले एकदोन दिवस ते कमी पडतं. लघवी धो धो होते, तहान भागत नाही. ते सरतं. मग साधारण चौथ्या ते आठव्या दिवशी कधी कधी उलट घडतं: दुखावलेल्या टोकांतून साठा एकदम बाहेर पडतो, शरीर पाणी अडवून धरतं आणि रक्तातलं सोडियम उतरतं. मी सातव्या दिवशी घरी होते. डोकं जड, मळमळ, झोप झोप. घरच्यांना वाटलं, औषधांची उष्णता. सासूबाईंनी लिंबू-सरबत दिलं, वरून ताक, वरून पाणी. मी सगळं पीत गेले. संध्याकाळी मुलीने नाव विचारलं तर मी शाळेतलं माहेरचं नाव सांगितलं. सोडियम १२३ निघालं. असायला हवं १३५ ते १४५. उपाय काय होता? पाणी कमी करणं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. म्हणून तुमच्या घरात कोणाचं हे ऑपरेशन झालं तर सातव्या दिवशी सोडियम तपासायचं हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, आणि त्या आठवड्यात "भरपूर पाणी पी" हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

वास गेला होता. नाकाच्या छतावर, अगदी उंचावर, वासाच्या पेशी असतात. खपल्या आणि सुजेने दोन महिने त्यांच्यापर्यंत काही पोचलं नाही. तेव्हा मला एक गोष्ट जिभेने शिकवली, जी मी पुस्तकातून शिकवत आले होते. जिभेला पाचच चवी कळतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसरस-मशरूममधली उमामी. बाकी सारं वासाचं. आमटीत मला आंबट कळायचं, मीठ कळायचं, आणि गंमत म्हणजे तिखट झणझणीत कळायचं, कारण तिखट ही चव नाही, ते चेहऱ्याच्या संवेदनेच्या नर्व्हला होणारं पोळणं आहे. फक्त ती आमटी नसायची. हिंग नाही, मोहरी नाही, कढीपत्ता नाही. गरम, आंबट, तिखट पाणी. एकदा फोडणी करपून धूर झाला तरी मी ढवळत होते. त्यात हसण्यासारखं आहे, पण गॅस गळत असता तर? सिलिंडरच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. नाक बंद असलेल्या माणसासाठी ती सोय नसते. तोवर रेग्युलेटर दर वेळी बंद करा, घरात एकटीने स्वयंपाक करू नका, शिळं अन्न दुसऱ्याला हुंगायला सांगा. मला परत आलेला पहिला वास फिनेलचा होता, वॉर्डातला. इतका आनंद अत्तराने झाला नसता.

बाकीचं थोडक्यात. तीन महिन्यांनी आयजीएफ-१ अजून थोडं वर होतं, म्हणून महिन्यातून एक इंजेक्शन आहे. महाग आहे, आधी चौकशी करून ठेवा. साखर जवळजवळ गोळ्यांशिवाय राहते, कारण इन्शुलिनच्या वाटेत उभं राहणारं संप्रेरक उतरलं. घोरणं गेलं आणि हे अंथरूण घेऊन आत आले. हृदयाची सोनोग्राफी झाली, मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी झाली. या आजारात आतड्यात कोंब वाढण्याचा संभव जास्त असतो, ती तपासणी टाळू नका. हायड्रोकॉर्टिसोन अजून चालू आहे. ताप आला की डोस दुप्पट, उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल तर सरळ हॉस्पिटलात इंजेक्शन, आणि काही झालं तरी गोळी आपल्या मनाने बंद नाही. पर्समध्ये चिठ्ठी असते, मराठीत आणि इंग्रजीत: ही व्यक्ती स्टेरॉइडवर आहे.

डोळे आणि संप्रेरकं यांचं नातं माझ्या गाठीपुरतं नाही. मधुमेह असेल तर दिसायला कितीही छान असलं तरी वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासा. थायरॉइड वाढलेल्याचे डोळे पुढे यायला लागले, एकाची दोन दिसायला लागली, तर तो चष्म्याच्या दुकानाचा विषय नव्हे.

या वर्षी मी अंतःस्रावी ग्रंथींचा धडा शिकवताना पीयूषिकेच्या वर लाल खडूने फुली काढली. एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे तर पुढच्या युनिटमध्ये आहे ना?" मी म्हटलं, आत्ताच काढून घे. त्या वर्गात ती घाबरट मुलगी नव्हती, ती दुसऱ्या वर्षाला गेली. तिला प्रात्यक्षिकाचे पैकीच्या पैकी गुण देता आले नाहीत; बोटं धरताना तिचा हात माझ्या नजरेच्या पातळीच्या खाली होता.

हात थोडा उतरला आहे. सूज गेली, हाड राहिलं. कासारीण आता मला दोन-सहाच्या बांगड्या भरते. जबडा पुढे आला तो तसाच राहणार. कापलेली अंगठी कपाटात पुडीत आहे. बोटाचं माप वर्षभर एकच राहू दे, मग टाका मारतो, असं सोनार म्हणाला.